शून्य ओलावा

‘ओसरी’ या अ‍ॅपने आपलं रूप बदललं त्या सोमवारी आसावरी नाईकवडेने इतक्या शिव्या वाचल्या की संध्याकाळी जेवताना भाजीत मीठ आहे की नाही हेही तिला कळेना. शिव्या तिला नव्हत्या, कंपनीला होत्या. पण कंपनी कुठे बसते, तिला चेहरा असतो की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कोल्हापुरातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मराठी तक्रारी वाचायला बसलेली आसावरी मात्र होती. त्यामुळे शिव्या तिच्यापर्यंत यायच्या आणि तिथेच थांबायच्या.

तोवर अर्धा महाराष्ट्र ओसरीवर येऊन बसला होता. पोरांचे निकाल, बारशी, बदल्या, नवी गाडी, गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं तिथेच मांडलं जायचं आणि खाली अंगठ्यांची, फुलांची, जोडलेल्या हातांची रांग लागायची. जुन्या ओसरीवर कुणाला खरोखर काही वाटण्याची गरज नव्हती. समोर आलं की अंगठा टेकवायचा आणि पुढे सरकायचं. नव्या रूपात कंपनीने ही सगळी बटणं काढून टाकली. त्यांच्या जागी प्रत्येकाच्या फोटोभोवती एक कडं आलं. समोरची पोस्ट बघताना तुम्हाला आतून जेवढं वाटलं तेवढं ते कडं निळ्या रंगाने भरायचं, आणि शंभरापैकी किती भरलं तो आकडा खाली यायचा. कंपनीने त्याला नाव दिलं होतं ‘ओलावा’.

त्यामागचं विज्ञान तसं नवं नव्हतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला चेहऱ्याच्या कातडीखाली थोडं रक्त येतं आणि तेवढ्यापुरता चेहऱ्याचा रंग किंचित बदलतो. माणसाच्या डोळ्याला हा बदल दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्याला दिसतो, आणि त्यावरून नाडी मोजता येते. मन हललं की डोळ्यातली बाहुली मोठी होते, ओठाच्या कोपऱ्यातला स्नायू ओढला जातो, काचेवर टेकलेल्या अंगठ्याचा दाब बदलतो. हे सगळं वेगवेगळं मोजणारी यंत्रं आधीपासून होती. ओसरीच्या लोकांनी ते एका सूत्रात बांधलं आणि लाखो माणसांवर तपासून त्यातून एक आकडा काढला. तुमचा चेहरा मोबाइलच्या बाहेर जात नाही, जातो तो फक्त आकडा, असं कंपनी सांगायची, आणि ते खरंही होतं. फक्त तो आकडा जायचा सगळ्या गावासमोर. शिवाय पोस्ट पहिल्यांदा बघताना जो आकडा पडला तो कायमचा. मग शंभर वेळा बघा, ऊर बडवून घ्या, कडं काही हलत नसे. ‘पहिली नजर, खरी नजर’ असं जाहिरातीतच होतं.

आता यावर माणसं गप्प बसतील का?

कराडच्या एका मुख्याध्यापकांनी आपल्या निरोप समारंभाचे फोटो टाकले होते. गळ्यात पडून हुंदके देणाऱ्या सगळ्या शिक्षकांचा ओलावा दहाच्या खाली निघाला. ‘माझी नोकरीची वर्षे मला परत मिळावीत,’ एवढंच त्यांनी लिहिलं होतं. इस्लामपूरच्या एका बाईंच्या नवऱ्याचा ओलावा शेजारणीच्या नव्या स्कूटरच्या फोटोवर ब्याऐंशी आला होता. ‘ते म्हणतात स्कूटरमुळे. स्कूटरमुळे एवढा येऊ शकतो का, ते लेखी कळवा.’ एका कार्यकर्त्याला विचारायचं होतं की साहेबांच्या वाढदिवसाची पोस्ट उघडण्याआधी दोनदा जिना चढून उतरलं तर कंपनीची हरकत आहे का.

ज्याला आकडा दाखवायचा नसेल त्याच्यासाठी ‘पडदा’ होता. तो ओढला की फोटोभोवती कड्याऐवजी करडी झालर यायची आणि आकडा फक्त ज्याचा त्याला दिसायचा. पण झालर दिसली की लोक विचारायचे, काय झाकायचंय रे तुला? त्यामुळे दोनच प्रकारची माणसं पडदा ठेवायची. ज्यांच्याबद्दल आधीच बोभाटा झालेला होता ती, आणि ज्यांचे मोबाइल नातवंडांनी लावून दिले होते ती म्हातारी माणसं. म्हाताऱ्यांच्या झालरीकडे कुणी लक्ष देत नसे.

आसावरीने प्रत्येक तक्रार वाचायची, तिला एक प्रकार द्यायचा आणि ठरलेल्या उत्तरांपैकी एक पाठवायचं, असं काम होतं. उत्तरं बरीच होती, पण खरं चालायचं ते एकच. ‘आपल्या भावना आमच्यापर्यंत पोहोचल्या आहेत. धन्यवाद.’

रोज काम सुटलं की ती गडहिंग्लजला फोन लावायची. वडील, तात्या, वीज मंडळातून निवृत्त झाले होते. सगळा जन्म त्यांनी मीटर तपासणीच्या खोलीत काढला.

“काय म्हणतंय तुझं कडं?” तात्यांनी विचारलं.

“लोक म्हणतात खोटं दाखवतंय.”

“आमच्याकडं पण तेच. साहेब, मीटर पळतंय! मोटर बंद करायची न्हाई, पंखा बंद करायचा न्हाई, आणि मीटर पळतंय. मी तपासून सांगायचो, मीटर बरोबर आहे. जन्मभर तेवढं एकच वाक्य बोललो बघ.”

“माझ्यासंगं बी तेवढंच बोललासा,” मागून आईचा आवाज आला. “आसा, चटणीचा डबा पोचला न्हवं? फ्रिजमध्ये ठेवू नकोस, कपाटात ठेव. आम्ही आल्यावर लागंल.”

दिवाळी झाली की दोघांनी कोल्हापूरला तिच्याकडे राहायला यायचं असं ठरलं होतं. आसावरी एकटी राहायची. आईच्या गुडघ्यांसाठी तिने राजारामपुरीत तळमजल्यावरची जागा घेतली होती. विक्रांतदादा पुण्याला होता, त्याच्याकडेही जाता आलं असतं, पण तात्यांना पुण्यात करमत नाही हे आईला माहीत होतं. आईने म्हणूनच डबा आधी पाठवला होता. ठरलेलं कुणी मोडू नये म्हणून एखादी वस्तू पुढे धाडून द्यायची, ही तिची जुनी रीत.

पहिले काही दिवस लोक ओसरी सोडून जायच्या गोष्टी करत होते. पण जायचं कुठे? भांडायला जी माणसं लागतात ती सगळी इथेच होती. महिन्याभरात तक्रारींचा सूर पालटला. माझं कडं लवकर का भरत नाही? व्याह्यांचा वर्षभराचा ओलावा एकत्र बघायची सोय का नाही? जतच्या एका वृद्धाने लिहिलं होतं, ‘पत्नीच्या निधनाच्या फोटोवर माझा ओलावा शून्य आला आहे. मुले बोलत नाहीत. यंत्र तपासून मिळावे.’ आसावरीने त्याला ‘वापरकर्त्याचा गैरसमज’ असा प्रकार दिला, ठरलेलं उत्तर पाठवलं आणि पुढची तक्रार उघडली.

आधी ती मुख्याध्यापकांसाठी हळहळली होती, स्कूटरवाल्या बाईंवर मनापासून हसली होती. आता दोन्ही होत नव्हतं. तिची स्वतःची कडीही अलीकडे जेमतेम पाव भरायची. दमणूक असेल, असं म्हणून ती सोडून द्यायची.

आई दसऱ्याच्या आधीच गेली. सकाळी देवाला फुलं वाहताना खाली बसली ती बसलीच.

कामाच्या वेळेत मोबाइल टेबलाच्या खणात ठेवायचा नियम होता. आसावरीने चहाच्या सुट्टीत तो काढला आणि सवयीने आधी ओसरी उघडली. कुणाकुणाचे फोन येऊन गेलेत ते तिने बघितलंच नाही. सगळ्यात वर वहिनीने, प्राजक्ताने, टाकलेला आईचा हिरव्या इरकलीतला फोटो होता. खाली दिव्याचं चित्र आणि ‘आमच्या आई सौ. सुलभा नाईकवडे यांचे आज सकाळी’ असं सुरू होणारं वाक्य. आसावरीने ते वाक्य शेवटपर्यंत वाचलं. फोटोतल्या आईच्या कपाळावरचं कुंकू थोडं डावीकडे सरकलंय, एवढं तिला दिसलं. मग खाली तिच्या स्वतःच्या नावाचं कडं आलं. त्यात निळ्याचा ठिपकासुद्धा नव्हता. शून्य.

तिने मोबाइल ठेवला. टेबलाशी जाऊन अर्धवट राहिलेल्या तक्रारीला उत्तर पाठवलं. खुर्ची आत सरकवली. शेजारच्या दालनात इब्राहिम मुजावर बसायचा. ओलाव्याच्या सूत्रावर काम करणाऱ्या चमूत तो होता, आणि चहाला दोघं बरोबर जायची. त्याच्यापाशी जाऊन ती म्हणाली, “माझी आई गेलीय. मी जाऊन येते.” बाजारात जाऊन येते म्हणावं तसं.

मुजावर उठला आणि त्याने गाडीची किल्ली घेतली. त्याने तिला गडहिंग्लजला नेऊन सोडलं.

सुतकात घरात टीव्ही लावत नाहीत. मोबाइलबद्दल मात्र शास्त्रात काही सांगितलेलं नाही. भेटायला आलेली माणसं जाजमावर बसायची, आई कशी होती ते सांगायची, आणि बोलणं संपलं की ज्याचा त्याचा मोबाइल काढून आईच्या फोटोखालची कडी बघायची. विक्रांतचा ओलावा त्र्याण्णव होता. प्राजक्ताचा एकाहत्तर. चुलत-मावस भावंडं चाळिशीच्या आसपास. तात्यांच्या नावाला झालर होती, ती नात सईने मोबाइल लावून दिला तेव्हापासूनच होती. आणि सगळ्या घरात एकटं आसावरीचं कडं रिकामं होतं.

“आसा, तुझं कडं भरलेलं दिसत न्हाई गं. नेट नव्हतं व्हय?” इंदूआत्याने मायेनेच विचारलं.

“होतं,” आसावरी म्हणाली.

खोटं बोलायला हवं होतं, हे तिला नंतर कळलं. त्या एका शब्दानंतर बायका तिच्याशी अदबीने वागू लागल्या. चहा हातात आणून द्यायच्या, पण शेजारी कुणी बसायचं नाही. घरामागच्या परड्यात कपडे वाळत घालताना विक्रांतने तिला गाठलं.

“मी काही म्हणत नाही आसा. पण शून्य? माझ्या सोसायटीच्या वॉचमनचा अकरा आहे. त्याने आईला एकदा बघितलंय.”

“दादा, ते तसं नसतं.”

“मग कसं असतं? तूच काम करतेस ना तिथे?”

इतके दिवस ती लोकांना जे पाठवत होती, त्याला उत्तर म्हणता येत नव्हतं.

त्याच संध्याकाळी जाजमावर सगळे बसलेले असताना तात्या म्हणाले, “मी विक्रांतकडं जातो पुण्याला.” मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आसावरीकडे त्यांनी बघितलं नाही.

“तात्या, आपलं ठरलं होतं,” ती म्हणाली. “जागा घेतलीय. आईनं डबा पण...”

“तिकडं माणसं आहेत,” तात्या म्हणाले आणि उठून आत गेले.

जन्मभर मीटरवर विश्वास ठेवलेला माणूस. त्याने मीटर वाचलं होतं, आणि वाचून ठरवलं होतं. आसावरीला हे लख्ख समजलं. आई गेली होती, आणि आता तात्याही चालले होते, तेही असं समजून की पोरीला आईचं काही नव्हतं. एवढं समजूनही आत काही हललं नाही. वाईट वाटलं म्हणावं तर तेही धड वाटलं नाही. मोरीतली भांडी राहिली होती, ती तिने घासायला घेतली.

दोन दिवसांनी मुजावर भेटायला आला. अंगणातल्या खुर्चीवर बसून त्याने चहा घेतला. आसावरीने त्याला सरळच विचारलं, “शून्य म्हणजे काय?”

मुजावरने कप खाली ठेवला. “हे बघ, घाबरलं की माणूस पळतो न्हाईतर लढतो, हे आपल्याला ठाऊक आहे. तिसरं पण एक असतंय. धक्का फार मोठा बसला की शरीर जागच्या जागी थांबतंय. नाडी खाली येती आणि तशीच राहती. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या मिटत्यात. बाहुली हलत न्हाई, चेहरा हलत न्हाई. सशावर घार आली की तो निपचित पडतो बघ, तसलंच. मेंदू मुख्य स्विच पाडतो. न्हाईतर सगळंच जळंल.”

“आणि सूत्र?”

“सूत्र किती वाढलं तेवढंच बघतंय. आधी एवढं होतं, आता एवढं झालं. शरीरच गोठल्यावर वाढ कुठनं येणार? शून्य.”

“म्हणजे ज्याला काहीच वाटलं नाही त्याचं पण शून्य, आणि ज्याला सोसवलं नाही त्याचं पण शून्य.”

“व्हय.”

“हे तुम्हाला माहीत होतं?”

“चाचणीत शंभरात दोन-चार माणसं असली निघालेली. आम्ही म्हटलं, त्यांच्या नावापुढं आकडा देऊ नका, रेघ मारा. वरचे म्हणाले, लोकांना रेघ आवडत न्हाई, लोकांना आकडा पाहिजे. मग त्यांना ‘काही वाटलं नाही’ मध्येच टाकलं. शंभरात दोन-चारच तर होती.”

तो गेल्यावर आसावरीने स्वतःच्या मोबाइलवरून तक्रार लिहिली. शून्याचे दोन अर्थ आहेत, ते वेगळे दाखवावेत, निदान तिथे रेघ द्यावी, असं तिने नीट मुद्देसूद लिहिलं. कोणता प्रकार द्यायचा हेही तिला ठाऊक होतं. उत्तर लगेच आलं. तिच्या सुट्टीत तिच्या टेबलावर बसवलेल्या मुलीने ते पाठवलेलं असणार. आपल्या भावना आमच्यापर्यंत पोहोचल्या आहेत. धन्यवाद.

विक्रांतलाही तिने सगळं समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “पटतंय. पण ज्याला खरंच काही वाटलं नाही, तोसुद्धा हेच सांगेल ना?”

तो म्हणत होता ते बरोबरच होतं.

दहाव्याला सगळे हिरण्यकेशीच्या घाटावर गेले. गुरुजींनी पिंड मांडले, सगळे मागे सरकले आणि कावळ्याची वाट बघू लागले. त्या सकाळी घाटावर आणखी दोघांचे दहावे होते. पलीकडच्या जांभळाच्या झाडावर कावळे होते, पण त्यांची पोटं भरलेली असावीत. त्यातला एक खाली उतरला, पिंडाभोवती फिरला आणि परत उडून गेला.

“काहीतरी राहिलंय वहिनीच्या मनात,” इंदूआत्या पुटपुटली.

विक्रांत हात जोडून पुढे झाला. “आई, तात्यांची काळजी करू नकोस. मी त्यांना पुण्याला नेतोय.” कावळा आला नाही. प्राजक्ता म्हणाली, “आई, तुमचे देव मी सांभाळेन.” आला नाही. आत्याने नातवंडांची नावं घेतली, बहिणींची घेतली, विकलेल्या म्हशीचं नावसुद्धा घेतलं. ऊन चढायला लागलं. मग कुणी न सांगता एकेक मान आसावरीकडे वळली.

“तू बोल आसा,” आत्या म्हणाली. “तुझ्यासाठीच थांबली असंल.”

आसावरी पुढे झाली. तिला बोलायचं होतं. डबा कपाटातच ठेवलाय, हे सांगायचं होतं. जागा तळमजल्यावरची आहे, हे सांगायचं होतं. तिने हात जोडले, तोंड उघडलं, आणि इतके दिवस बोटांत मुरलेलं वाक्य तिच्या तोंडातून बाहेर आलं.

“आई, तुझ्या भावना आमच्यापर्यंत पोहोचल्या आहेत.”

पुढचं ‘धन्यवाद’ तिने ओठात दाबलं. पण झालं ते झालं होतं. प्राजक्ताने सईचा हात धरून तिला मागे ओढलं. गुरुजी खाकरले आणि म्हणाले की फार उशीर झाला, आता दर्भाचा कावळा करू. त्यांनी गवताचा कावळा केला, पिंडाला शिववला आणि विधी उरकला. सगळे बोलले होते, फक्त तात्या बोलले नव्हते. त्यांना कुणी बोला असं म्हटलंही नव्हतं. ते पाण्याच्या कडेला उभे होते, आणि त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

घरी जेवणं झाली. आतल्या खोलीत माणसं हलक्या आवाजात बोलत होती. कशाबद्दल ते आसावरीला ठाऊक होतं. ती परड्याच्या पायरीवर जाऊन बसली. थोड्या वेळाने तात्या आले आणि तिच्या शेजारी बसले. इतक्या दिवसांत तिच्या शेजारी बसलेलं ते पहिलं माणूस. त्यांच्या हातात मोबाइल होता.

“आसा,” ते म्हणाले, “हे यंत्र तपासून मिळतंय का गं?”

तिला जतचा तो म्हातारा आठवला. त्याचं नाव मात्र तिला आठवेना.

“का तात्या?”

त्यांनी मोबाइल तिच्यापुढे धरला. आईचा हिरव्या इरकलीतला फोटो. खाली तात्यांचं नाव, भोवती करडी झालर. त्यांनी बोटाने झालरीवर दाबलं, तशी ती त्यांच्यापुरती बाजूला झाली. आतलं कडं रिकामं होतं. खाली शून्य.

“तुझी आई गेली त्या संध्याकाळी सईनं हा हातात दिला. म्हणाली, तात्या बघा, आजीला किती जणांनी बघितलं. मी बघितलं, आणि हे आलं.” त्यांनी शून्यावर बोट टेकवलं. “एवढी वर्षं एका ताटात जेवलो आम्ही. मला वाटलं होतं, माझं तिच्यावर... आणि यात काहीच न्हाई. मी रोज बघतोय. हललं न्हाई.”

आसावरी त्यांच्या जवळ सरकली.

“म्हणून पुण्याला जातो म्हटलं,” तात्या म्हणाले. “तुझं शून्य, माझं शून्य. दोन कोरडी माणसं एका घरात बसून काय करणार? विक्रांतकडं निदान तिच्या नावानं कुणीतरी रडंल.” मग त्यांनी हळूच विचारलं, “मीटर बरोबर आहे न्हवं?”

हाच प्रश्न इतक्या लोकांनी तिला विचारला होता, आणि तिने एकालाही उत्तर दिलं नव्हतं.

“न्हाई तात्या,” ती म्हणाली. “मीटर बरोबर न्हाई.”

तात्यांनी मान वर केली.

“तुमच्याकडं रीडिंग शून्य आलं की काय शेरा मारायचा?”

“दोन असायचे. घर बंद, न्हाईतर मीटर बंद.” ते सवयीने बोलून गेले. “घरात कुणी राहतच नसंल तर घर बंद. आणि घरात दिवे जळतायत, पण चकती अडकलीय, तर मीटर बंद. बघून यायला लागायचं. नुसत्या आकड्यावरनं कळत न्हाई.”

“यांनी बघून यायला माणूसच ठेवला न्हाई,” आसावरी म्हणाली. “सगळ्यांना घर बंद लिहिलं.”

मग मुजावरने सांगितलेलं सगळं तिने त्यांना सांगितलं. नाडी कशी खाली येऊन राहते, रक्त कातडीतून कसं आत जातं, शंभरातली ती दोन-चार माणसं कुठे टाकली. सांगून झाल्यावर तात्यांनी ते कडं पुन्हा एकदा बघितलं.

“मी दहा दिवस स्वतःला काय काय म्हणून घेतलं,” ते म्हणाले, “तुला न्हाई कळायचं.”

“कळतंय,” ती म्हणाली.

तात्यांनी चष्मा पुसला. “हा पडदा काढायचा कसा?”

“कशाला? राहू दे. तुमचं कुणाला माहीत न्हाई.”

“म्हणून तर. कसा काढायचा?”

तिने दाखवलं. मोबाइलने विचारलं, ‘तुमचा ओलावा सर्वांना दिसेल. चालेल?’ तात्यांनी आधी तो प्रश्न पुटपुटत वाचला, मंडळातला कागद सहीआधी वाचावा तसा. मग त्यांनी ‘हो’वर बोट ठेवलं. झालर गेली. आईच्या फोटोखाली बापलेकीची दोन रिकामी कडी शेजारी शेजारी आली.

आतल्या खोलीत एकामागून एक मोबाइल वाजले. बोलणं थांबलं. “अगं बाई,” एवढा एकच आवाज आला, तो इंदूआत्याचा. मग विक्रांत मोबाइल हातात घेऊन परड्याच्या दारात आला. त्याने तात्यांकडे बघितलं, आसावरीकडे बघितलं.

“विक्रांत,” तात्या म्हणाले, “माझी बॅग तुझ्या गाडीत ठेवली असशील तर बाहेर काढ. तेरावं झालं की मी कोल्हापूरला जातो. तिथं आमचा चटणीचा डबा आहे.”

विक्रांत आत गेला. तात्यांनी मोबाइल पायरीवर उपडा ठेवला. परड्यात आईचं एक लुगडं अजून दोरीवर होतं, कुणाच्या लक्षात न आल्याने राहून गेलेलं. दोघंही त्याच्याकडे बघत बसली.

“काही वाटतंय का गं तुला?” तात्यांनी विचारलं.

“न्हाई तात्या. अजून न्हाई.”

“मला पण न्हाई,” ते म्हणाले. “बस इथंच.”